भोपळ्यांच्या दोन खोल्या

मावशीचा फोन आला तेव्हा चिमी एका गोदामात शिडीच्या टोकाला बसली होती. खाली चार माणसं डोक्यावर हेल्मेट घालून पोती कशी रचावीत ते दाखवत होती आणि चिमी वरून त्यांचं चित्रीकरण करत होती. फिल्मचं नावच होतं 'पोती रचण्याची योग्य पद्धत'. त्याच्या आदल्या महिन्यात तिने आग विझवण्याच्या नळकांड्यांची निगा कशी राखावी यावर फिल्म केली होती आणि पुढच्या महिन्यात जिन्याचा सुरक्षित वापर कसा करावा यावर करायची होती. अठरा वर्षं ती आणि तिचा नवरा कंपन्यांसाठी असल्या फिल्मा करत आले होते. ती कॅमेरा सांभाळायची, तो आवाज. पोट चाललं होतं, पण आपण केलेली एखादी फिल्म कोणी आपणहून, कामाचा भाग म्हणून नव्हे, बसून पाहिली आहे असं अजून घडलं नव्हतं.

चिमी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सत्तेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, कॅमेऱ्याची तिपाई एका हाताने उचलणारी ही बाई. पण लहानपणी आईमागे मावशीनेच तिला वाढवलं, तेव्हा ती मुठीएवढी होती, आणि मावशीने एकदा कोणाला नाव ठेवलं की ते बदलायची सोय नसे. तिच्या नवऱ्याला धंद्यातले लोक रेडिओ म्हणत. आवाज मुद्रित करणाऱ्याने गप्प राहायचं असतं, आणि या गृहस्थाला गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं. चिमीच्या निम्म्या चित्रीकरणात कुठे ना कुठे त्याचं 'वा' नाहीतर 'अरे बाप रे' ऐकू यायचं आणि मग ते पुन्हा करावं लागायचं. त्यावरून दोघांची जुंपायची. पण कानाचा तो असा पक्का होता की बंद दाराआडचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे हे टिकटिकीवरून सांगेल, असं लोक म्हणत. अर्थात हे तो स्वतःच लोकांना सांगत असे.

मावशीने फोनवर ना खुशाली विचारली ना काही, थेट मुद्द्याला हात घातला.

"चिमे, लोकांच्या पोत्यांचे सिनेमे पुष्कळ काढलेस. आता माझ्या भोपळ्यांचा काढ. सरकारने त्यांना दोन खोल्या दिल्यात."

चिमीने शिडीवरूनच सगळं ऐकून घेतलं. झालं होतं ते असं. आदल्या वर्षी सरकारने शेतजमिनीवरच्या प्रत्येक पक्क्या बांधकामावर कर बसवला होता. छप्परकर. शेतकऱ्यांनी घरांचा कर आधीच भरलेला असायचा, तरी पुन्हा हा. बरं, मोजणीला कोणी शेतावर आलंच नाही. विमानातून फोटो काढले आणि कचेरीत बसून कोणीतरी त्या फोटोंवर चौकोन आखले. वरून जे जे चौकोनी दिसलं ते ते घर. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना मिळून अडतीस नोटिसा आल्या. मावशीच्या भोपळ्यांच्या दोन कप्प्यांच्या मांडवाला आलेल्या नोटिशीत लिहिलं होतं: पक्कं बांधकाम, खोल्या दोन, वापर राहण्यासाठी. हरकत घ्यायची असेल तर घ्या, तपासणीला माणूस यथावकाश येईल, तोवर कर भरत राहा.

शेतकरी गेले चाळीस दिवस करकचेरीसमोर धरणं धरून बसले होते.

चिमी आणि रेडिओ पोत्यांचं काम उरकून दुसऱ्याच दिवशी निघाले. गाडीत रेडिओ भलताच खुशीत होता. त्याच्या मते आता खरा माहितीपट होणार होता. घोषणा, जमाव, पोलिसांच्या शिट्ट्या. त्याने तीन प्रकारचे मायक्रोफोन घेतले होते आणि धक्काबुक्की झाली तर म्हणून एक जुनं हेल्मेटही.

प्रत्यक्षात करकचेरीच्या पायऱ्यांसमोर वीस-पंचवीस माणसं ताडपत्रीवर बसून मटार सोलत होती. कोणीतरी कचेरीच्या दरवानाच्या तुटलेल्या खुर्चीचा पाय बसवून देत होतं. मावशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मध्यभागी बसली होती आणि शेजारणीशी अंड्यांवरून वाद घालत होती. चार वाजले तशी सगळी माणसं उठली, ताडपत्रीची घडी केली आणि घरी गेली.

"धारा काढायच्या असतात," मावशीने समजावलं. "गाईला सांगता येतं का, आज आंदोलन आहे, उद्या दूध दे म्हणून?"

पेपरवाले नेमके पाच वाजता यायचे. त्यांना रिकाम्या पायऱ्या दिसायच्या. चाळीस दिवसांत एकाही पेपरात एक ओळ आली नव्हती ती यामुळे.

चिमीने तीन दिवस तिथेच चित्रीकरण केलं आणि तिन्ही दिवस वाया गेले. तिने कॅमेरा उचलला रे उचलला की सोललेले मटार बाजूला पडायचे, माणसं ताठ उभी राहायची, मुठी आवळायची आणि टीव्हीवर पाहिलं असेल तसं ओरडायला लागायची. कॅमेरा खाली ठेवला की पुन्हा मटार. आंदोलनाचे पुढारी होते मास्तर. निवृत्त शाळामास्तर, आता मधमाश्या पाळत. त्यांनी कॅमेऱ्यासमोर कराचा इतिहास सांगायला घेतला तो एक तास दहा मिनिटं, आणि तेवढ्यात ते जेमतेम आजोबांच्या काळापर्यंत पोचले. रेडिओसुद्धा ते ऐकताना डुलक्या घेऊ लागला, म्हणजे बघा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमी मावशीच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून दिवसभराचं चित्रण पाहत होती. सगळं खोटं दिसत होतं. ही माणसं खरी, त्यांच्यावरचा अन्याय खरा, आणि पडद्यावर मात्र सगळं नाटक कंपनीसारखं. तिने हताश होऊन मावशीला सांगितलं की मला हे जमणार नाही, मला फक्त पोतीच येतात.

 मावशीने फडताळातून नोटीस काढली, चष्मा लावला आणि अंगणात मांडवाकडे गेली, कारण तिला एक भोपळा कापायचा होता आणि जाता जाता नोटीस पुन्हा वाचायची होती. रोज एकदा वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मांडवाखाली उभी राहून ती मोठ्याने वाचायला लागली. "पक्कं बांधकाम. खोल्या दोन. वापर, राहण्यासाठी." तिच्या डोक्यावर चाळीस भोपळे लोंबत होते. वाचून झाल्यावर तिने मान वर करून भोपळ्यांकडे पाहिलं, जणू त्यांना काही बोलायचं आहे का ते विचारत होती. मग सुरी काढली आणि एक तोडला.

चिमी दारात उभी राहून हे पाहत होती. तिने टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, उठा. उजेड जायच्या आत."

मावशीला तिने तेच पुन्हा करायला सांगितलं, पण काही न करता. नुसतं वाचायचं आणि वाचून झालं की उभं राहायचं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, माणूस मधोमध, पायातले बूट दिसले पाहिजेत आणि मागे ते 'बांधकाम'. वाचून संपलं की मनात पाच आकडे मोजेपर्यंत कॅमेरा चालू. मावशीने वाचलं. पाच आकड्यांच्या आत मागच्या बाजूने एक कोंबडी आली, त्या दोन खोल्यांपैकी एकीतून दुसरीत गेली, थांबली आणि परत पहिलीत आली.

रेडिओ हसला. मोठ्याने, पोट धरून हसला. तो आवाज सगळा आत गेला. चिमीने सवयीने त्याच्याकडे डोळे वटारले, आणि तिला स्वतःलाच हसू आवरेना. मावशी म्हणाली की मी पुन्हा वाचणार नाही, एकदा वाचलं ते वाचलं, आता मला भाजी करायची आहे.

त्या रात्री जेवताना फिल्म कशी करायची ते ठरलं. घोषणा नाहीत, भाषण नाही, मागे संगीत नाही. अडतीस नोटिसा, अडतीस माणसं, अडतीस बांधकामं. प्रत्येकाने आपली नोटीस आपल्या बांधकामासमोर वाचायची.

घाईही होती. कचेरीने चाळीस दिवसांनी का होईना, सुनावणीची तारीख दिली होती, नऊ दिवसांनंतरची. सगळ्या हरकतींना मिळून अर्धा तास. मास्तरांनी साठ पानी निवेदन तयार केलं होतं. अर्ध्या तासात त्याची प्रस्तावना झाली असती. फिल्म पुरावा म्हणून दाखवता येते का, हे मास्तरांनी नियमांत शोधलं आणि येते म्हणून सांगितलं. निवेदन बाजूला ठेवताना त्यांचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तेच तयार होते.

मास्तरांकडे एका लांब पत्र्याखाली मधमाश्यांच्या बारा पेट्या होत्या. नोटिशीत ती कामगारांची वसाहत होती, घरं बारा. मास्तरांनी वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात वाचलं, आणि नंतरची पाच आकड्यांची शांतता माश्यांनी भरून काढली. एक माशी मास्तरांच्या नाकावर बसली. ते हलले नाहीत. नंतर ते चिमीला म्हणाले की तसं पाहिलं तर यात कचेरीचं फार चुकलेलं नाही, या जगात इतके कष्ट करणारे कामगार दुसरे नाहीत. आणि घरपट्टी त्यांनीच भरावी, डंख मारून.

मग काय, खोरंभर बोलबाला झाला. सहा दिवस चिमी आणि रेडिओ एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरत राहिले. निळी ताडपत्री घातलेली गवताची गंजी नोटिशीत एकमजली इमारत होती. हिरवी जाळी ताणलेलं बदकांचं तळं गोदाम होतं, तळघरासह. एकाने जुन्या बसचा सांगाडा आणून त्यात शेळ्या ठेवल्या होत्या. ते दुकान होतं, दर्शनी भाग रस्त्याकडे. मालक नोटीस वाचत असताना बसच्या प्रत्येक खिडकीतून एकेक शेळी डोकावून बाहेर बघत होती, जणू बस सुटायची वाट बघत बसल्या आहेत. रेडिओने त्या वेळी तोंडात मफलर कोंबून घेतला, तरी शेवटच्या आकड्याला त्याच्या नाकातून आवाज निघालाच.

चिमी त्याला रागावली नाही. गाडीत बसल्यावर तिने ते पुन्हा ऐकलं आणि तसंच ठेवायचं ठरवलं. पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की या माणसाचं हसणं ऐकलं की पलीकडचा माणूस सैलावतो. मुठी आवळून उभा राहिलेला माणूस रेडिओने दोन वाक्यं बडबडली की खांदे खाली सोडायचा आणि स्वतःसारखा दिसायला लागायचा. अठरा वर्षं तिने ज्याला गप्प राहा म्हणून सांगितलं तोच आता तिचं निम्मं काम करत होता. हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो महिनाभर तेवढंच बोलत राहिला असता.

सातव्या दिवशी सदतीस झाल्या होत्या. राहिली एक, खांबाची.

खांब हा रोपवाटिकावाला. उंच, सडपातळ आणि अबोल, म्हणून खांब. धरण्याला तो रोज यायचा, सगळ्यांत मागे बसायचा आणि सगळ्यांत जास्त मटार सोलायचा. पण चित्रीकरणाचं विचारलं की आज नको, उद्या बघू. शेवटी चिमी आणि रेडिओ त्याला न विचारताच त्याच्याकडे गेले. रोपांच्या रांगा ओलांडून झाडांच्या दाट पट्ट्यामागे वळले तो समोर दोन मजली घर. नवंकोरं. पुढे गच्ची, गच्चीला निळे गज, खिडक्यांना पडदे. खांब दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

त्याने नोटीस दाखवली. दोन मजले, पक्कं बांधकाम, पुढे गच्ची. अडतीसपैकी ही एक नोटीस अक्षरशः खरी होती. त्याची मुलगी आणि जावई शहरातलं सोडून शेतीत परत येणार म्हणाले तेव्हा त्याने आनंदाच्या भरात घर बांधून काढलं होतं. कचेरीत नोंद करायला जाईन जाईन म्हणता राहून गेलं, आणि मग ही नोटीस आली आणि सगळ्यांबरोबर तोही धरण्याला जाऊन बसला. माझी नोटीस खरी आहे असं सांगायला तोंड कसं उघडणार होता?

चिमीने कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही. चहा घेतला आणि परत आली.

मावशीच्या स्वयंपाकघरात त्यावरून चांगलीच वादावादी झाली. मास्तर म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. सदतीस दाखवा, अडतिसावीचं नावही काढू नका. एक खोटा निघाला की कचेरीवाले म्हणतील, बघा, सगळे तसलेच, आणि चाळीस दिवसांची मेहनत पाण्यात जाईल. त्यांचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. रेडिओ बराच वेळ गप्प होता, त्यावरूनच मामला गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

चिमी म्हणाली की एका कारखान्यात सुरक्षिततेवर फिल्म करताना जिन्याचा कठडा मोडलेला होता. मालकाने सांगितलं म्हणून तिने कॅमेरा वीतभर डावीकडे सरकवला. कठडा दिसला नाही. फिल्म छान झाली.

"तो वीतभर सरकवलेला कॅमेरा मला अजून आठवतो," ती म्हणाली. "या फिल्ममध्ये मी तो सरकवणार नाही."

"मग त्या बिचाऱ्याला सगळ्यांसमोर उघडं पाडणार?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. तो नाही म्हणाला तर दाखवणार नाही. पण शेवटी पाटी टाकीन, अडतीसपैकी एक दाखवलेली नाही म्हणून."

मावशी इतका वेळ भोपळ्याच्या बिया निवडत होती. ती म्हणाली की तुम्ही दोघं दुसऱ्याच्या घरावरून इथे भांडताय, ज्याचं घर आहे त्याला विचारलंय का कोणी? आणि तिने बूट चढवले, आणि उजेड होता तोवर स्वतः खांबाकडे जाऊन आली. काय बोलली ते तिने कोणाला सांगितलं नाही.

सकाळी चिमी उठून अंगणात आली तर खांब फाटकापाशी उभा होता. दाढी केलेली, केस ओले, हातात नोटीस. कुठे उभं राहू, एवढंच त्याने विचारलं.

त्याच्या घरासमोर तिने कॅमेरा लावला, बाकीच्यांसाठी जितका उंच लावला होता तितकाच. खांबाने वाचलं. मग कागद खाली केला.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "घर मीच बांधलंय. याचा कर मी द्यायला हवा होता. देणार आहे."

पाच आकड्यांच्या शांततेत मागे गच्चीचं दार उघडलं आणि त्याच्या मुलीने, खाली काय चाललंय याचा पत्ता नसताना, गजांवर चादर वाळत घातली, पसरली आणि आत गेली. रेडिओच्या तोंडून या वेळी अवाक्षर निघालं नाही. कानावरचा हेडफोन काढून तो नुसता डोळे पुसत राहिला.

सुनावणी करकचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. भिंतीवर पांढरा चौकोन होता, तिथे पूर्वी कोणाची तरी तसबीर असावी. त्या चौकोनावर फिल्म दाखवायची ठरली. तिघांची समिती होती, अध्यक्षस्थानी बारीक फ्रेमच्या चष्म्याची एक बाई. हातात टोकदार पेन्सिल, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. शेजारी ज्याने फोटोंवर चौकोन आखले होते तो अधिकारी पट्टी आणि फाईल घेऊन बसला होता. शेतकरी भिंतीला लागून उभे. रेडिओने पडदे ओढले.  अठरा वर्षांत चिमीने बनवलेलं तिच्यासमोर बसून कोणी पाहिलं नव्हतं.

मावशीने पडद्यावर वाचलं. कोंबडी एका खोलीतून दुसरीत गेली. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर काही नाही. रेडिओचं हसणं खोलीभर घुमलं आणि कोणीच हसलं नाही. चिमीला वाटलं, संपलं.

गवताच्या गंजीपाशी दारात खसखस पिकली. शेजारच्या खोलीतले कारकून येऊन डोकावत होते. मास्तरांच्या वसाहतीपाशी अध्यक्षबाईंनी फाईल उचलून तोंडासमोर धरली. तळघरासह गोदामात बदकं उतरली तेव्हा समितीतले दुसरे सदस्य खोकायला लागले आणि त्यांचा खोकला थांबेना. आणि बसच्या खिडक्यांतून शेळ्या डोकावल्या तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून हसल्या. मग कोणाला धरबंध राहिला नाही. शेळ्यांचा मालकही स्वतःकडे बोट दाखवून हसत होता. भिंतीशी उभी असलेली मावशी तेवढी चिमीच्या कानाशी कुजबुजत होती की माझे बूट फार मळके दिसतात, एवढं काढून टाकता येत असेल तर बघ.

शेवटी खांब आला. खोली शांत झाली. त्याने वाचलं, बोलला, चादर वाळत पडली, भिंतीवरचा चौकोन पुन्हा पांढरा झाला. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि हे गृहस्थ इथे आले आहेत का, असं विचारलं. खांब मागून पुढे आला.

"तुम्हाला हे दाखवायची काय गरज होती?" त्यांनी विचारलं. "नसतं दाखवलं तर आज आम्हाला कळलंही नसतं."

 "बाकीच्या सदतीस जणांचं खरं वाटावं म्हणून," खांब म्हणाला.

त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मग त्या अधिकाऱ्याकडे वळून त्यांनी या सदतीस चौकोनांबद्दल त्याचं म्हणणं विचारलं. तो म्हणाला की फोटोत तसंच दिसतं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की मग जाऊन बघायचं होतं.

निकाल आठ दिवसांनी आला. मास्तरांनी तो पायऱ्यांवर उभं राहून वाचून दाखवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका पानात आटोपलं. सदतीस नोटिसा रद्द. गोठे, गंज्या, मांडव, पेट्या, प्राण्यांचे निवारे यांना छप्परकर नाही, या खोऱ्यातही नाही आणि इतर कुठेही नाही. जी काय मोजणी व्हायची ती पायी, शेतावर जाऊन, मालकासमोर. खांबाने आपणहून सांगितलं म्हणून त्याला दंड नाही, घराचा रीतसर कर तेवढा. वाचन संपल्यावर क्षणभर कोणाला काय करावं कळेना. चाळीस आणि वर कितीतरी दिवस बसून राहायची सवय झाली होती. मग दरवानाने आपली खुर्ची उचलून हवेत नाचवली, आणि एकच गलका झाला. खांबाला चौघांनी मिळून उचलायचा प्रयत्न केला; तो निम्माच वर गेला, निम्मा जमिनीवर राहिला. चार वाजले होते, गाई खोळंबल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांना अर्धा तास थांबावं लागलं. पाच वाजता पेपरवाले आले तेव्हा प्रथमच त्यांना माणसं सापडली, तीही अशी की एकही धड बोलायच्या स्थितीत नव्हती.

फिल्म नंतर मावशीच्या कोठारात भर दुपारी दारं लावून दाखवली. एकदा पाहून झाल्यावर लोक उठेनात. दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. तिसऱ्या वेळी प्रत्येक जण आपापली नोटीस पडद्याबरोबर तोंडपाठ म्हणत होता. चिमी मागे गवतावर बसून पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होती. पुढच्या महिन्यातलं जिन्याचं काम ती करणार होतीच, पोट कोणाला चुकलंय. पण इतर दोन खोऱ्यांतून फोन आले होते, आणि एका ठिकाणी पाण्याच्या मीटरवरून काही भानगड होती, आणि रेडिओने तिला न विचारताच हो म्हणून टाकलं होतं. ती त्याच्यावर चिडली, पण नेहमीइतकी नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात पायी मोजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी अध्यक्षबाई स्वतः आल्या, बरोबर तो चौकोनवाला अधिकारी आणि गुंडाळीची लांब फीत. सुरुवात मावशीपासून. मावशीने फाटक उघडलं आणि बूट धुऊन घ्या म्हणाली, पलीकडे चिखल आहे. अधिकारी मांडवाखाली शिरला. बराच वेळ वर बघत राहिला. वरून जे त्याने दोन खोल्या म्हणून आखलं होतं ते आता त्याच्या डोक्याला लागत होतं.

"हे इतके मोठे असतात होय," तो म्हणाला.

मावशीने त्याला एक भोपळा देऊ केला. अध्यक्षबाई म्हणाल्या की कामावर असताना आम्हाला काही घेता येत नाही. बरं, घेऊ नका, मावशी म्हणाली, पण उचलून तरी बघा, आलात एवढ्या लांब. त्या अधिकाऱ्याने उचलून पाहिला, दोन्ही हातांनी, आणि हसला. मग अध्यक्षबाईंनीही पेन्सिल कानामागे खोचून उचलून पाहिला.

रेडिओ गाडीकडे निघाला होता, कॅमेरा आणू का विचारत. चिमीने नको म्हटलं. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस कमी होता, ते तिने हातात घेतलं आणि मावशीच्या खऱ्या घराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. अधिकाऱ्याने पलीकडून आकडा ओरडून सांगितला, अध्यक्षबाईंनी लिहून घेतला, मावशीने तो बरोबर आहे का ते स्वतः येऊन तपासलं. मग सगळे मिळून मास्तरांच्या शेताकडे निघाले. वाटेत खांब येऊन मिळाला, आणखी दोघं-तिघं मिळाली, आणि रेडिओ सर्वांत पुढे चालत अधिकाऱ्याला सांगत होता की पेट्यांपाशी गेल्यावर अगदी गप्प उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, कारण माश्यांना बोलणारी माणसं आवडत नाहीत.